सहाशे सोळा खुर्च्या आणि एक तक्ता

"रांगेत पाय ठेवायला जागा होत नाही ओ, अंतर वाढवा की जरा." शनिवारी संध्याकाळी फोनवर आलेलं हे एवढं एकच वाक्य. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात होऊ घातलेल्या नाट्यगृहाचं ड्रॉइंग आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात होतं. २२ रांगा, प्रत्येक रांगेत २८ खुर्च्या, एकूण ६१६. दोन रांगांमधलं अंतर ८५० मिलिमीटर होतं, ते ९०० करायचं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा प्रयोग सांगलीतच केला, त्यामुळं नाट्यगृहाचं काम म्हटलं की आम्ही इथले लोक जरा जास्तच मनावर घेतो. ऑफिसातली दोन पोरं रात्री अकरापर्यंत बसली आणि एकेक रांग माउसनं धरून सरकवत राहिली.

सोमवारी तपासलं तर नवव्या रांगेतल्या दोन खुर्च्या जागेवरच राहिलेल्या, आणि चौदावी रांग ६५० ऐवजी ६०० नं सरकलेली. पोरांची चूक म्हणवत नाही. डोळे थकले की असंच होतं.

सध्या जो तो एआय, एआय करतोय. आणि आमच्यासारख्या ऑफिसांत, फ्लेक्सच्या दुकानांत, डीटीपी करणाऱ्यांकडं अजून एकेक चौकोन हातानं सरकवला जातो. यावर जो उपाय आहे तो ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस वर्षांच्या आसपास पडून आहे, आणि त्याला लागतं काय, तर एक्सेलचा तक्ता आणि नोटपॅड. तो इथं सगळ्यांना कळेल असा सांगतो. संगणकाचं शिक्षण नसलं तरी चालेल. बेरीज-गुणाकार येत असला म्हणजे झालं.

खुर्ची म्हणजे दोन आकडे

पडद्यावर दिसणारी खुर्ची आपल्याला पाठ, हात, बैठक अशी दिसते. सॉफ्टवेअरला ती तशी दिसत नाही. त्याच्याकडं खुर्चीचं चित्र एकदाच साठवलेलं असतं (याला ब्लॉक म्हणतात), आणि पुढं फक्त नोंदी असतात: हेच चित्र इथं ठेव, इथं ठेव, आणि इथंही ठेव. ६१६ खुर्च्या म्हणजे अशा ६१६ नोंदी.

'इथं' म्हणजे कुठं, ते दोन आकड्यांत सांगितलेलं असतं. ड्रॉइंगमधला एक कोपरा शून्य धरायचा. तिथून आडवं किती गेलं तो एक्स, उभं किती गेलं तो वाय. या जोडीला कोऑर्डिनेट म्हणतात. आमच्या ड्रॉइंगमध्ये 'सी-१२' या खुर्चीचा एक्स ८२५०, वाय ४२००. रंगमंच खाली आहे आणि रांगा वर वर जातात, म्हणजे वाय वाढला की खुर्ची रंगमंचापासून लांब गेली.

यात एक बारकावा आहे. खुर्ची बऱ्यापैकी मोठी वस्तू आहे, मग ८२५० आणि ४२०० हे तिच्या नेमक्या कोणत्या ठिकाणाचे आकडे? पाठीच्या मधल्या बिंदूचे, का पुढच्या डाव्या पायाचे? ब्लॉक करणाऱ्यानं जो बिंदू ठरवला असेल तो. त्याला इन्सर्शन पॉइंट म्हणतात. एकाच ड्रॉइंगमध्ये दोघांनी दोन तऱ्हेच्या खुर्च्या वापरल्या, एकानं मध्य धरला आणि दुसऱ्यानं कोपरा, की तक्त्यात सरळ दिसणारी रांग कागदावर वाकडी येते. मग सगळे दोष तक्त्याला देतात.

सगळ्यांना सारखंच सरकवायचं असेल तर हा खटाटोप नको

हे आधीच सांगून टाकतो, कारण नवीन युक्ती शिकलेला माणूस ती सगळीकडं वापरत सुटतो. सगळ्या खुर्च्या एक मीटर मागं घ्यायच्या असतील तर सगळ्या निवडा आणि मूव्ह कमांड द्या. पी.टी.चे सर मैदानावर "सगळ्यांनी एक पाऊल मागे" म्हणतात, तसंच. तक्ता लागत नाही.

आमची अडचण वेगळी होती. दोन रांगांमधलं अंतर ५० नं वाढवायचं म्हणजे पहिली रांग जागेवर राहणार, दुसरी ५० नं मागं जाणार, तिसरी १०० नं, चौथी १५० नं, आणि बाविसावी २१ गुणिले ५०, म्हणजे १०५० नं. प्रत्येक रांगेचं सरकणं निराळं. द्राक्षबागेत ओळींतलं अंतर नऊ फुटांवरून दहा करायचं ठरलं तर पहिली ओळ सोडून प्रत्येक ओळीचा खड्डा नव्या ठिकाणी येतो, तासगावकडच्या कुणालाही विचारा. कागदावर खड्डे हलवणं सोपं असतं, एवढाच फरक.

सातबारा बदलला म्हणून बांध सरकत नाही

आता मुख्य मुद्दा. बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअर आपल्या वस्तूंची यादी बाहेर काढून देतात. ऑटोकॅडमध्ये डेटा एक्स्ट्रॅक्शन नावाची कमांड आहे. ती प्रत्येक ब्लॉकचं नाव, त्याला चिकटवलेली माहिती (आमच्याकडं खुर्ची क्रमांक) आणि एक्स-वाय असा तक्ता एक्सेलमध्ये देते. नवीन मुलाला हे दाखवलं की तो खुश होऊन एक्सेलमधला वाय बदलतो, फाइल सेव्ह करतो आणि ड्रॉइंगकडं बघत बसतो. काही हलत नाही.

हा तक्ता सातबाऱ्यासारखा आहे. उताऱ्यावर काहीही लिहा, शेतातला बांध जागचा हलत नाही. बांध हलवायचा तर कुणीतरी साखळी घेऊन शेतात जावं लागतं. आपल्या गोष्टीत हा साखळी घेऊन जाणारा माणूस म्हणजे स्क्रिप्ट. स्क्रिप्ट ही कमांडची यादी असते, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली. आपण कीबोर्डवरून जे टाइप केलं असतं, ते सॉफ्टवेअर त्या फाइलमधून वाचतं आणि करत जातं.

व्हेक्टरवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये सोय थोडी पुढची आहे. रंगमंचावरच्या दिव्यांची मांडणी करणारे लोक ते बरंच वापरतात. त्यात वर्कशीट, म्हणजे एक्सेलसारखा तक्ता, ड्रॉइंगच्या पोटातच असतो, त्याची प्रत्येक ओळ एकेका वस्तूशी जोडलेली असते, आणि तक्त्याच्या खान्यातून त्या वस्तूवर स्क्रिप्ट चालवता येते. म्हणजे उतारा आणि मोजणीदार एकाच कचेरीत. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत ऑटोकॅडच असतं, म्हणून पुढचं त्याच्यावरच सांगतो.

सातबाऱ्याची उपमा अजून एका कामाला येते. शेत ओळखलं जातं ते गट नंबरावरून. "आंब्याच्या झाडाजवळचं" म्हणून नोंद होत नाही. ऑटोकॅडमध्येही प्रत्येक वस्तूला असा एक नंबर असतो, त्याला हँडल म्हणतात. तो ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या कुणाला मिळत नाही. वस्तू सरकली, रंग बदलला, तरी हँडल तेच. आम्ही दहा-बारा ओळींचा लिस्प प्रोग्रॅम ठेवलाय (लिस्प ही ऑटोकॅडला समजणारी भाषा, १९८६ पासून त्यात आहे), तो प्रत्येक खुर्चीचं हँडल, क्रमांक, एक्स आणि वाय काढून देतो.

प्रत्यक्ष काय केलं

शनिवारच्या आधीच्या प्रतीचा तक्ता उघडला. ६१६ ओळी. खुर्ची क्रमांक 'ए-१' पासून 'व्ही-२८' पर्यंत. इंग्रजी अक्षर म्हणजे रांग, म्हणून अक्षरावरून रांगेचा आकडा काढला: ए म्हणजे १, व्ही म्हणजे २२. एक्सेलला अक्षराचा आकडा काढता येतो.

बाजूच्या एका रिकाम्या खान्यात ५० लिहिलं. मग नवीन स्तंभात सूत्र: जुना वाय, अधिक रांग वजा एक, गुणिले तो ५० वाला खाना. 'सी-१२' ची रांग तिसरी, म्हणून दोन गुणिले ५०, म्हणजे १०० आणि ४२०० चे झाले ४३००. सूत्र खाली ओढलं की ६१६ उत्तरं तयार. सूत्रात ५० थेट लिहायचं नाही, खान्याचा पत्ता द्यायचा, आणि तो पत्ता डॉलरच्या चिन्हानं बांधून ठेवायचा, नाहीतर खाली ओढताना तोही खाली घसरतो.

शेवटचा स्तंभ वाक्यांचा. एक्सेलमध्ये 'आणि'चं चिन्ह वापरून मजकूर जोडता येतो. प्रत्येक ओळीत एक वाक्य जोडलं, ज्याचा अर्थ असा: मूव्ह कमांड दे, या हँडलची वस्तू घे, निवड संपली, या जुन्या जागेपासून, या नव्या जागेपर्यंत. कमांड अर्थातच इंग्रजीत. तो एकच स्तंभ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला, फाइलच्या नावामागं एससीआर लावलं, आणि ऑटोकॅडमध्ये स्क्रिप्ट कमांड देऊन ती फाइल दाखवली.

पडदा काही क्षण थरथरला. ६१६ खुर्च्या आपापल्या जागी. पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की शनिवारी रात्री मी कुठं होतो असंच जणू विचारताहेत. बरोबर आहे त्यांचं.

घात कुठं होतो

इथं जरा थांबतो, कारण शिकवणारे बहुतेक लोक वरच्या परिच्छेदावरच थांबतात आणि खरी मारामारी पुढं असते.

पहिली गोष्ट स्पेसबारची. ऑटोकॅडच्या स्क्रिप्टमध्ये मोकळी जागा म्हणजे एंटर. वाक्यात एक स्पेस जास्त पडली की एंटर जास्त दाबल्यासारखं होतं, आणि मोकळ्या कमांड लाइनवर एंटर म्हणजे मागचीच कमांड पुन्हा सुरू. तिथून पुढं सगळी साखळी एका कडीनं सरकते. चपातीच्या पिठात पाणी किती, हे जसं हाताला कळतं, तसं स्पेस किती हे सवयीनंच कळतं. तोवर आधी तीन ओळींची स्क्रिप्ट चालवून बघायची. खुर्चीचा लेयर (ड्रॉइंगमधला थर) लॉक असेल तरी हाच प्रकार: वस्तू निवडलीच जात नाही, आणि पुढचे आकडे कमांड म्हणून वाचले जाऊन गाडी वाटेत अडते.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ड्रॉइंग करताना आपण ऑब्जेक्ट स्नॅप चालू ठेवतो, म्हणजे माउस जवळच्या टोकाला, मध्याला आपोआप चिकटतो. आता ऑटोकॅडमध्ये ऑस्नॅपकोऑर्ड नावाचं एक सेटिंग आहे आणि त्याची मूळ किंमत असते २. या २ चा अर्थ असा की माणसानं हातानं टाइप केलेला आकडा तसाच पाळायचा, पण स्क्रिप्टमधून आलेल्या आकड्याला तो मान नाही, तिथं स्नॅपचं चालणार. त्यामुळं तुम्ही ४३०० लिहिता आणि खुर्ची शेजारच्या रेषेच्या टोकाला जाऊन चिकटते. सगळ्या नाही, रेषेजवळच्याच तेवढ्या. पाचपन्नास खुर्च्या चुकतात, बाकीच्या बरोबर येतात, आणि माणूस स्वतःच्या सूत्रात चूक शोधत बसतो. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ते सेटिंग १ करायचं, प्रश्न मिटला.

तिसरी एक्सेलची आगाऊ हुशारी. हँडल हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरं मिळून झालेलं असतं. एखाद्या खुर्चीचं हँडल '१ई५' आलं, तर एक्सेलला वाटतं ही मोठी संख्या लिहायची शास्त्रीय पद्धत आहे, आणि तो त्याचे १,००,००० करून टाकतो. गट नंबरच बदलला म्हणा ना. ऑटोकॅडचंच अ‍ॅटाउट नावाचं एक साधन आहे, ते हँडल बाहेर काढताना त्याच्याआधी एक अवतरण चिन्ह मुद्दाम ठेवतं. बघणाऱ्याला तो कचरा वाटतो आणि तो पुसून टाकतो. ते चिन्ह याच कारणासाठी असतं. एक्सेलच्या या सवयीनं शास्त्रज्ञही सुटले नाहीत. मानवी जनुकांची काही नावं एक्सेल मार्च, सप्टेंबर अशा तारखा समजत होता, म्हणून शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नियमच असे काढले की नावं बदलली. हे आपोआप बदलणं बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली.

चौथी चूक सर्वांत भयंकर आणि सर्वांत साधी: एकच स्तंभ निवडून तो चढत्या क्रमानं लावणं. हँडल जागेवर आणि वाय वर-खाली. वर्गाच्या निकालात नावं तशीच ठेवून मार्कांचा स्तंभ तेवढा लावला तर काय होईल? तेच.

कोरलड्रॉवाल्यांनी काय करायचं?

आपल्याकडं छपाईची दुकानं कोरलड्रॉवर चालतात. ओळखपत्रं, प्रमाणपत्रं, निमंत्रणं. एका शीटवर कार्डं मांडायची असतात आणि प्रेसवाला सांगतो, "कटिंगला दोन मिलिमीटर जास्त सोडा." तिथंही स्तंभानुसार प्रत्येक कार्डाचं सरकणं वेगळं येतं. कोरलमध्ये हे काम मॅक्रोनं होतं. मॅक्रो म्हणजे तीच स्क्रिप्ट, फक्त भाषा वेगळी. तिथला फास एककाचा आहे: पडद्यावर तुम्ही मिलिमीटर ठेवलं असलं तरी मॅक्रो मुळात इंचात मोजतो. एकक सांगितलं नाही आणि २ लिहिलं, तर कार्ड दोन इंच पळतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा कार्ड शीटच्या बाहेरच गेलं समजा.

आणि एका सॉफ्टवेअरचे आकडे दुसऱ्यात नेणाऱ्यांसाठी: ऑटोकॅड आणि कोरलमध्ये वाय वाढला की वस्तू वर जाते. फोटोशॉपमध्ये, आणि इंकस्केपच्या २०२० साली आलेल्या १.० आवृत्तीपासून त्यातही, वाय वाढला की वस्तू खाली जाते. तक्ता तसाच उचलून नेला तर पहिली रांग शेवटची होते. रंगमंच छपराला लागतो.

"पुसून नवीन काढल्या तर?" आणि बाकीच्या शंका

पोरांनी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता. सगळ्या खुर्च्या पुसा आणि अ‍ॅरे कमांडनं ९०० च्या अंतरानं नव्या काढा, पाच मिनिटांचं काम. खुर्च्या नुसत्या चित्रं असत्या तर मीही तेच केलं असतं. पण प्रत्येकीला क्रमांक चिकटलेला आहे, काही अपंगांसाठी राखीव आहेत, काहींखाली वायरिंगचा बॉक्स आहे. पुसलं की ते सगळं गेलं. सरकवलं की सोबत येतं.

दुसरी शंका: आमच्याकडं ऑटोकॅड एलटी (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) आहे, त्यात लिस्प नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून एलटीमध्येही लिस्प आलं. त्याआधीच्यातही साधी स्क्रिप्ट चालते, फक्त वस्तू हँडलनं निवडता येत नाही.

व्हायरसची भीती मात्र खोटी नाही. २०१२ साली ईसेट या अँटिव्हायरस कंपनीनं लिस्पमध्येच लिहिलेला एक वर्म उघडकीला आणला होता. त्याचा जास्त प्रादुर्भाव पेरू देशात होता आणि तो उघडलेली ड्रॉइंगं गुपचूप ईमेलनं चीनमधल्या पत्त्यांवर पाठवायचा. त्यानंतर ऑटोकॅडनं अनोळखी प्रोग्रॅम उघडण्याआधी विचारायला सुरुवात केली. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिस्प फाइल डोळे झाकून चालवू नये. आपण नोटपॅडमध्ये बनवलेल्या स्क्रिप्टचं एक बरं असतं, ती उघडून वाचता येते.

"एआयला सांगितलं की तो देईल लिहून." देईल की. मीही आता लिस्पच्या ओळी त्याच्याकडून लिहून घेतो, टायपिंग वाचतं. पण इन्सर्शन पॉइंट कुठं आहे, वाय वर जातो का खाली, एकक काय, हे त्याला तुमच्या ड्रॉइंगमधून आपोआप कळत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं, आणि सांगायचं तर आधी माहीत असावं लागतं.

चुकलं तर? दोन गोष्टी. फाइलची प्रत आधी वेगळ्या नावानं ठेवायची. आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'अनडू बिगिन', शेवटी 'अनडू एंड' घालायचं, म्हणजे सगळी सरकवासरकव एकच कृती धरली जाते आणि एका फटक्यात मागं घेता येते.

भिंत तक्त्यात नसते

सगळं झालं म्हणून ड्रॉइंग पाठवलं, आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन. "मागनं जायला वाट कुठं ठेवलीय?"

व्ही रांगेचा वाय २०,३५० होता, तो २१,४०० झाला. मागची भिंत २२,५०० वर. म्हणजे मागचा बोळ २१५० मिलिमीटरवरून ११०० वर आला. मध्यंतरात चहाला निघालेली माणसं तिथं एकमेकांना खेटूनच जाणार. आम्ही खुर्च्यांचा तक्ता काढला होता, भिंतीचा नाही. नवीन वायमधला सर्वांत मोठा आकडा भिंतीतून वजा करणारा एक खाना आधीच ठेवला असता तर स्क्रिप्ट चालवण्यापूर्वीच हे दिसलं असतं. आता ठेवलाय.

वाटाघाटी होऊन ८७५ वर ठरलं. शेवटची रांग ५२५ नं सरकणार, बोळ १६२५ चा राहणार. पोरानं फोन ठेवायच्या आत तक्त्यातल्या ५० चे २५ केले, वाक्यं नोटपॅडमध्ये नेली आणि स्क्रिप्ट चालवली. मग सहज दोन रांगांमधलं अंतर मोजलं तर ९२५.

उघडं ड्रॉइंग आधीच ५० नं सरकलेलं होतं, आणि मूव्ह कमांडला दोन जागांमधला फरक तेवढा कळतो. वस्तू आत्ता कुठं आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्यानं एकदा अनडू दाबलं, शनिवारच्या आधीची प्रत शोधून उघडली, आणि तीच स्क्रिप्ट तिच्यावर चालवली.